वरचे सूर जायच्या आत: बहारीनहून त्रिनिदादच्या कार्निव्हलला

सलमानियाच्या हॉस्पिटलमधून बाहेर पडताना मी ठरवलं, की येत्या कार्निव्हलला त्रिनिदादला जायचं. तोवर त्रिनिदाद नकाशावर बोट ठेवून दाखवता आलं नसतं मला, आणि मी ईसा टाउनच्या शाळेत पाचवी-सहावीला भूगोल शिकवत होते.

गोष्ट शहाण्णव सालच्या सप्टेंबरातली. आमचे हे, म्हणजे हनीफ, एका लहानशा यार्डात डेंटर होते. तेलाची चेपलेली पिंपं ठोकून सरळ करायची, धुवायची, गळती तपासायची आणि रंगवून परत पाठवायची, हे काम. पिंपावर बोटाच्या पेरानं टकटक केली की पत्रा कुठे पातळ झालाय ते त्यांना कळायचं. वीस वर्षं हे चाललं, कानात कापसाच्या बोळ्यापलीकडे काही न घालता. त्या दिवशी कानाच्या डॉक्टरांनी कागदावरचा आलेख दाखवला. रेघ डावीकडे सरळ चालत होती आणि उजवीकडे दाणकन खाली पडत होती. "चढे सूर गेलेत बरेचसे. बाकीचेही हळूहळू जातील. किती वेगानं ते सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

गाडीपाशी आल्यावर हनीफ किल्ली चाचपत एवढंच म्हणाले, "केल्विनच्या मुलकातली ती पिंपं समोर उभं राहून ऐकायची राहिली गो."

त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. केल्विन त्यांच्या यार्डावरचा त्रिनिदादचा इन्स्पेक्टर. तेलाच्या पिंपाचा तळ घणानं आत बसवून, त्यावर हातोडीनं सुरांच्या खुणा उठवून, त्याचं वाद्य करतात हे त्यानंच यार्डातल्या लोकांना सांगितलं. स्टीलपॅन म्हणतात त्याला. यार्डात सगळे हसले. हनीफ हसले नाहीत, कारण पिंप किती तऱ्हांनी बोलतं हे त्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी केल्विननं आम्हाला कार्निव्हलला बोलावलंही होतं. मीच नको म्हणाले. रत्नागिरीच्या घराची कौलं बदलायची होती आणि कंपनी देते ती रजेची तिकिटं गावाकडची होती. आता कौलं नवी होती, आणि आलेखातली रेघ खाली आली होती. मला फार अपराधी वाटलं. ते वाटणं मी कामाला लावलं.

ज्यांना असा प्रवास करायचाय त्यांनी पहिली गोष्ट लक्षात घ्यावी. कार्निव्हलची तारीख दर वर्षी हलते. ख्रिस्ती लोकांचे ईस्टरआधीचे उपास बुधवारी सुरू होतात, त्याच्या आधीचा सोमवार-मंगळवार म्हणजे कार्निव्हल. आमच्या वेळी इंटरनेट नव्हतं, म्हणून मी केल्विनकडून तारीख घेतली आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल गोल केला. मग त्याच पानावर रमजान मोजला आणि डोक्याला हात लावला. ईद नेमकी कार्निव्हलच्या आदल्या दिवशी, नाहीतर त्याच्याही आदल्या दिवशी येत होती. चंद्र दिसेल तसं. म्हणजे आम्हाला निघायचं होतं रोजे चालू असताना, आणि ईद करायची होती परक्या मुलकात.

रत्नागिरीहून माझ्या नणंदेचा, सलमाचा फोन आला. बातमी तिला कोणी दिली देव जाणे.

"भाभी, लोकं रमजानात मक्केला उमऱ्याला जातात. तुमी पिंपं वाजवतात ती बघायला जाता?"

"उमरा दोनदा झाला आमचा. आता हे."

"आणि यंदा गावाला?"

"यंदा नाही. पुढच्या वर्षीही नाही, रजेची दोन वर्षांची तिकिटं यातच जाणार."

 मग भावाच्या कानाचं विचारलं तिनं, आणि मी खरं ते सांगितलं. त्यानंतर तिनं कार्निव्हलचं नाव पुन्हा काढलं नाही, पण ईदेला शेवया करायला विसरू नको असं बजावलं.

दुसरी अडचण रजेची. ईदेच्या आठवड्यात यार्डातल्या प्रत्येकाला सुट्टी हवी असते आणि पासपोर्ट सगळे ऑफिसच्या कपाटात. हनीफनी अर्ज दिला की मुदीर, म्हणजे त्यांचा बहारीनी मॅनेजर, गोड हसून "इंशाल्ला" म्हणायचा. असं नोव्हेंबरपासून चाललं. इंशाल्ला मीही दिवसातून दहादा म्हणते, पण अर्जावर त्याची सही धरत नाहीत. डिसेंबरात एका गुरुवारी मी शाळेच्या बसमधून नईमच्या वळणावर उतरून घरी न जाता तशीच टॅक्सी करून यार्डात गेले, ऑफिसातल्या खुर्चीवर बसले आणि पिशवीतून सहावीच्या वह्या काढून तपासायला लागले. मुदीरनं चहा मागवला. मी चहा घेतला आणि वह्या तपासत राहिले. तासाभरानं तो म्हणाला, "सिस्टर, तुमचा नवरा चार ईदा कामावर होता हे मला माहीत आहे." मी म्हटलं, "मलाही माहीत आहे. म्हणून तर आले." त्यानं सही केली, हनीफचा पासपोर्ट काढून हातात दिला आणि "खलास?" असं विचारलं. "खलास," मी म्हटलं.

व्हिसा ब्रिटिश वकिलातीतून मिळाला. भारतीय पासपोर्टला त्रिनिदादचा व्हिसा लागायचा आणि त्रिनिदादची स्वतःची वकिलात आमच्याकडे नव्हती. खिडकीतल्या बाईंनी प्रवासाचा हेतू विचारला. मी "पर्यटन" म्हणणार तोच हनीफ शांतपणे म्हणाले, "पिंपं ऐकायला." बाईंनी पेन थांबवलं, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि "पर्यटन" लिहिलं.

राहण्याचं आधी बघा. कार्निव्हलच्या दिवसांत हॉटेलवाले एक-दोन रात्री खोली देत नाहीत, अख्खा आठवडा घ्यावा लागतो आणि भाव दुपटीच्या वर. आमची सोय केल्विननं लावून दिली. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये बेलमाँट नावाच्या चढउतारांच्या वस्तीत त्याची बहीण मार्लिन एकटी राहायची. आणखी एक गोष्ट मी माझ्या अकलेनं केली. स्टीलपॅनच्या मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी कार्निव्हलच्या आधीच्या शनिवारी असते. तिची प्रेक्षक-मंडपातली सगळ्यात महाग दोन तिकिटं मी केल्विनकरवी दोन महिने आधी फॅक्सनं राखून ठेवली. महाग ते चांगलं, एवढं साधं गणित होतं माझं.

आमची शबाना तेव्हा नववीत. तिला खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे ठेवलं. निघताना तिनं इंग्रजीत भरभर काहीतरी बापाला सांगितलं, बापानं मान हलवली, आणि आम्ही विमानतळाची वाट धरली.

बहारीन ते लंडन सात तास, लंडनला पाच तास थांबा, पुढे पोर्ट ऑफ स्पेनला नऊ-दहा तास. प्रवासात रोजा सोडायला परवानगी असते, मागाहून भरून काढायचा. मी सोडला. हनीफनी लंडनपर्यंत धरला आणि थंडीनं दात वाजायला लागल्यावर कॉफी मागितली. एक सल्ला: उन्हाच्या देशात चाललोय म्हणून लंडनचा कोट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. आमचे दोन्ही कोट सामानात गेले होते, आणि आम्ही विमानतळाच्या बसमध्ये सुती कपड्यांत उभे होतो.

मार्लिन घ्यायला आली होती. पन्नाशीची, टपाल खात्यात नोकरी, आवाज भरदार. पहिल्या दिवशी तिनं आम्हाला रस्त्यावरच्या गाड्यावर डबल्स खायला नेलं. हळदीच्या रंगाचे दोन मऊ तळलेले वडे, मध्ये मसाल्याचे चणे. दोन-तीन स्थानिक डॉलरांत पोट भरतं. तिखट किती घालू विचारतात, तेव्हा बढाई मारू नका. दुपारी डाळपुरी रोटी. ती म्हणजे आपली पुरणपोळी, फक्त गूळ घालायचं दीडशे वर्षांपूर्वी तिथं गेलेल्या हिंदुस्थानी मजुरांतलं कोणीतरी विसरलं. कोंबडी बऱ्याच ठिकाणी हलाल मिळते, विचारायचं आणि निर्धास्त खायचं. शहरात फिरायला पिवळ्या पट्ट्याच्या मॅक्सी-टॅक्सी आहेत, आपल्या वडापसारख्या, हात केला की थांबतात.

शनिवारी संध्याकाळी आम्ही मंडपात जाऊन बसलो. माझ्या महाग खुर्च्या उंचावर होत्या आणि खाली मंचावर शंभर-शंभर वादकांचे ताफे चढत होते. मला ऐकू येत होतं ते मी कसं सांगू. पाऊस पडल्यागत वरून बारीक सूर कोसळत होते आणि त्यांच्या खाली जाड पिंपं जमिनीतून घुमत होती. आजूबाजूचे लोक उभे राहून नाचत होते, कर्णे ओरडत होते, बाटल्यांवर चमचे वाजत होते. मी हनीफकडे पाहिलं. ते हसऱ्या चेहऱ्यानं समोर बघत होते आणि मान डोलावत होते. ताफा थांबला. टाळ्या पडल्या. हनीफ आणखी दोन ठेके मान डोलावत राहिले आणि मग आजूबाजूला बघून थांबले.

परतताना मी विचारलं, "कसं वाटलं?"

"छान होतं," ते म्हणाले. लग्नातल्या कच्च्या बिर्याणीला ते असंच छान म्हणतात.  अर्धी दुनिया ओलांडून आणलं आणि चुकीच्या जागी बसवलं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

रविवारी ईद झाली. मार्लिनच्या घराजवळून टॅक्सी करून आम्ही मशिदीत गेलो. खुतबा, म्हणजे नमाजानंतरचं प्रवचन, इंग्रजीत होता, बायकांच्या बाजूला माझ्याच वयाच्या एका बाईनं गळाभेट घेऊन मला वाडगा दिला. दुधातल्या शेवया, मनुका, वेलची. त्याला ते सवाईन म्हणतात. मी सलमाला मनात सांगितलं, की बाई, शेवया झाल्या. बाहेर रस्त्यावर दुसऱ्या दिवसाच्या कार्निव्हलच्या पोशाखांचे मोठमोठे पंख घेऊन माणसं चालली होती आणि मशिदीतून निघालेली माणसं त्यांना वाट देत होती.

दुपारी मी मार्लिनच्या ओट्यापाशी कांदा चिरत होते. मागच्या पडवीत तिचं पॅन टांगलेलं होतं, कारण ती स्वतः वस्तीतल्या एका लहान ताफ्यात वाजवायची, आणि तेही टेनर, म्हणजे सगळ्यात वरच्या सुरांचं. हनीफ त्याभोवती फिरत होते. त्यांनी काठाखालून हात फिरवला, बाजूच्या पत्र्यावर पेरानं टकटक केली, कान जवळ नेला आणि आपल्या यार्डातल्या इंग्रजीत म्हणाले, "गुड ड्रम. नो रस्ट. बॉटम, व्हेरी थिन, व्हेरी इक्वल." मार्लिन म्हणाली की हे तिला तिच्या सूर लावणाऱ्यानं सांगितलं होतं, दुसऱ्या कोणी कधी नाही. मग तिनं विचारलं, "काल कसं वाटलं?"

"खालचं सगळं ऐकलं," हनीफ म्हणाले. "वरचं नाही. वरचं गेलं."

मी सुरी ठेवली. माझ्याशी खोटं बोललेला माणूस दुसऱ्याच दिवशी एका परक्या बाईला खरं सांगत होता. राग आला, आणि रागाखाली रडू होतं, म्हणून मी पुन्हा कांद्याकडे वळले.

मार्लिननं हळहळ वगैरे काही केली नाही. ती मला म्हणाली, "मंडपात कोणी पॅन ऐकायला जात नाही, मिसेस. तिथं स्पर्धा बघतात. उद्या तुझा नवरा माझा गाडा ढकलेल." मला वाटलं थट्टा करतेय. पण तिथली रीतच ती आहे. रस्त्यावर निघणाऱ्या लहान ताफ्यांची पॅन चाकांच्या लोखंडी गाड्यांवर टांगलेली असतात, वर कापडी छप्पर. वादक वाजवत चालतात आणि वस्तीतले लोक गाडे ढकलतात. ज्याला ऐकायचंय तो ढकलतो. तिकीट लागत नाही, कळकट कपडे मात्र लागतात.

सोमवारी सकाळी दहाला आम्ही मार्लिनच्या ताफ्याच्या अंगणातून निघालो. ऊन कडक. बंद बूट घाला, पाणी सोबत ठेवा आणि मोठाले कर्णे लावलेल्या ट्रकांपासून लांब राहा. हनीफना मी कानात कापूस दिला होता, तो त्यांनी खिशात टाकला. मार्लिनच्या गाड्याचा डावा खांब त्यांच्या हातात होता, पॅन त्यांच्या छातीपासून दोन हातांवर. मी मागच्या बाजूनं ढकलत होते. पहिल्याच उतारावर गाड्याचं चाक कुरकुरलं, हनीफनी खाली वाकून पाहिलं, ढिला नट बोटांनी आवळला आणि वर बघून मार्लिनकडे मान हलवली. तेवढ्यानं ते त्या लोकांतले झाले.

टेनर पॅनमध्ये खुणांचे तीन गोल असतात. बाहेरच्या गोलात मोठ्या खुणा, मधल्यात लहान, आणि सगळ्यात आत वाटीच्या बुडाएवढ्या चार-पाच. जितकं आत तितका सूर वरचा. मार्लिनची काठी बाहेरच्या गोलावर पडली की हनीफचा चेहरा उजळायचा, मधल्यावर आली की ते पुढे वाकायचे. एका जागी चाल चढत चढत आतल्या खुणांवर जायची, दर वेळी तिथंच, आणि तिथं त्यांची मान थांबायची. काठी पडताना दिसत होती. त्यांना फक्त काठीच्या टोकावरच्या रबराची टक ऐकू येत असावी. तीनदा असं झाल्यावर त्यांनी खांबावरचा एक हात काढला, आतल्या खुणांकडे बोट केलं आणि मोठ्यानं विचारलं, "इथं काय आहे?"

मार्लिननं वाजवणं थांबवलं नाही. पुढच्या फेरीत चाल त्या जागेवर आली तेव्हा तिच्या काठ्या आत गेल्याच नाहीत. त्या बाहेरच्या गोलात फिरल्या. एकाच सुराच्या मोठ्या आणि लहान खुणा पॅनवर एकाच रेषेत असतात, आत वरचा, बाहेर तोच सूर एक सप्तक उतरून. तिनं अख्खा तुकडा बाहेर आणून वाजवला. ताफ्यातले बाकीचे टेनर आतच वाजवत होते. शेजारच्या वादकानं तिच्याकडे चमकून पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हनीफ चालता चालता थांबले. मी मागून ढकलत होते तो गाडा त्यांच्या टाचेला लागला.

"आला," ते म्हणाले. "अगो, आला. असा आहे होय तो."

मग दुपारी तीनपर्यंत, दर फेरीला, मार्लिननं तो तुकडा बाहेरच वाजवला. मी रस्त्याच्या मधोमध, घामानं आणि वंगणानं बरबटलेली, रडत गाडा ढकलत होते. तिथं कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

मंगळवारी पंख, मणी, हजारो माणसांचे रंगीत ताफे, सगळं पाहिलं. त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय, फोटोही आहेत, म्हणून मी लिहीत नाही. बुधवारी रस्ते झाडलेले होते आणि मार्लिन टपाल खात्याच्या गणवेशात कामावर निघाली होती. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "सूर जातो कुठे? जागा बदलतो." हे ती सहज बोलली, बसची वेळ बघत.

शुक्रवारी सकाळी बहारीनला पोचलो. रजेतले दोन दिवस उरले होते, दोन वर्षं गावाला जाता येणार नव्हतं, आणि माझे पाय सुजले होते. पुन्हा जाईन का? ढकलायला गाडा मिळणार असेल तर जाईन. मंडपाची तिकिटं मात्र कोणी फुकट दिली तरी नको.

दुपारी तिघं जेवायला बसलो. शबाना नेहमीसारखी बारीक आवाजात, इंग्रजीत, झराझरा बोलत होती. हनीफ हसऱ्या चेहऱ्यानं मान डोलावत होते. ती मान मी इतकी वर्षं बघत आले होते आणि त्यांना मुलीचं सगळं पटतं असं समजत होते. त्या दुपारी मला शनिवारचा मंडप आठवला.

"शबाना, थांब," मी म्हटलं. "ओरडू नकोस. आवाज खाली घे, आणि त्यांच्याकडे बघून सावकाश बोल."

तिनं डोळे फिरवले. मग आवाज खाली नेऊन, एकेक शब्द ठेवत, चक्क मराठीत म्हणाली, "अब्बा, दहावीनंतर मी मुंबईला होस्टेलवर राहणार. तुम्ही हो म्हटलंय."

हनीफनी घास खाली ठेवला. "कधी म्हटलं?"

"तीनदा. तुम्ही निघालात तेव्हासुद्धा."

"मला ऐकूच आलं नव्हतं. आता आलं. नाही जायचं."

"पण का?"

"पंधरा-सोळाची पोर एकटी राहणार? कोण बघणार तुला?"

तिथून जी जुंपली ती तासभर. ती खालच्या आवाजात मुद्दा मांडायची, हे शब्दाला शब्द उत्तर द्यायचे, ती पुन्हा मांडायची. भात गार झाला. मी मध्ये पडले नाही, वाढपाचा चमचा हातात धरून बसून राहिले. या घरात त्या मुलीला बापाकडून इतकी वर्षं नुसता होकार मिळत होता, आणि मला ते सुख वाटत होतं.

शेवटी शबाना रडकुंडीला येऊन म्हणाली, "याच्यापेक्षा आधीचं बरं होतं."

"हेही ऐकू आलं," हनीफ म्हणाले.